यंत्र आले, शिकवणी कुणाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘आशियातील विकसनशील देशांत नवी यंत्रे आणि स्त्रियांचा रोजगार’ असा. विषयाचे नाव वाचूनच काहीजणींनी आज हळदीकुंकवाला जाण्याचे ठरवले असेल, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण ज्या आलात त्यांना सांगते, या विषयाचा आपल्या मागच्या खोलीतल्या शिवणवर्गाशी फार जवळचा संबंध आहे. कार्यकारिणीपुढे सध्या दोन प्रश्न आहेत. शिवणवर्ग चालू ठेवावा की बंद करून त्या खोलीत संगणकाचा वर्ग काढावा, हा एक. आणि एका हितचिंतकांनी विजेवर चालणारी चार वापरलेली शिलाईयंत्रे देऊ केली आहेत, ती घ्यावीत की नको, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना मी जरा लांबचा फेरफटका मारणार आहे. आपण माझ्याबरोबर यावे.

सुरुवात मात्र घरापासून करते. आपण बसलो आहोत तो गिरणगावाचा भाग. समोर जिथे आज काचेचे मनोरे उभे आहेत, तिथे भोंगा वाजत असे. आपल्यांतल्या कित्येकींच्या आज्या आणि पणज्या या गिरण्यांत कामाला होत्या, हे आपण विसरत चाललो आहोत. गिरणी म्हटले की डोळ्यांपुढे साचेवाला पुरुष येतो; पण १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक बाई होती. या बायका मुख्यत्वे दोन खात्यांत असत, वाइंडिंग आणि रीळिंग. वाइंडिंग म्हणजे कांडीवरचे सूत मोठ्या कोनावर गुंडाळणे, आणि ते गुंडाळताना तुटलेला धागा हेरून क्षणात गाठ मारणे. रीळिंग म्हणजे सुताच्या लडी करणे. या लडी हातमागवाल्यांकडे जात. देखरेखीला नायकीण असे. पगार कामावर, म्हणजे जितके सूत गुंडाळाल तितका. बोटांची चपळाई आणि नजर यांवरच सारा खेळ. तरीही या कामाला कुणी कसब म्हटले नाही. बायकांची बोटे जात्याच नाजूक असतात, असे म्हटले की कसबाचे पैसे द्यावे लागत नाहीत.

मग पुढे काय झाले? गिरण्या स्वतःचे सूत स्वतःच विणू लागल्या, तसे लडींचे काम उतरले. नंतर अतिवेगाने सूत गुंडाळणारी यंत्रे आली. ही यंत्रे महाग. महाग यंत्र बंद ठेवणे मालकाला परवडत नाही, म्हणून ते दोन-तीन पाळ्यांत चालवायचे. आणि कायद्याने बायकांना रात्रीचे काम मना. १९४८ च्या कारखाना-कायद्यातही संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत बाईला कामावर ठेवण्यास बंदी होती. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण कायदा, महाग यंत्र आणि मालकाचा हिशेब यांचा मिळून परिणाम असा झाला, की नव्या यंत्रापुढे बहुतेक पुरुष उभा राहिला. बाईला साच्यावर घ्यावे, तिला साचा शिकवावा, हे त्या काळी ना मालकाला सुचले ना, स्पष्ट बोलते, युनियनच्या पुढाऱ्यांना फारसे. १९७० च्या सुमारास दहा कामगारांत एकही धड बाई उरली नव्हती. म्हणजे १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगारांचा तो मोठा संप सुरू झाला, तेव्हा गिरणीतल्या बायकांचा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला होता. त्या खानावळी चालवू लागल्या, भाजी विकू लागल्या, लोकांची धुणीभांडी करू लागल्या. संपाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. या गुपचूप झालेल्या कपातीसाठी मात्र एक मोर्चाही निघाल्याचे कुणाला आठवत नाही.

हे जुने झाले असे कुणी म्हणेल. म्हणून आता पूर्वेकडे, बांगलादेशात जाऊ. कारण हीच गोष्ट तिथे आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे, आणि तिची सुरुवात तर मोठी मनोवेधक आहे.

१९७१ च्या युद्धातून निघालेला तो देश. ताग सोडला तर परदेशी विकायला फारसे काही नाही. नुरुल कादेर नावाचे एक माजी सरकारी अधिकारी होते. त्यांनी चितगावला ‘देश गारमेंट्स’ नावाचा शर्टांचा कारखाना काढला. शिवण्याचा कारखाना म्हणजे चार यंत्रे आणि चार शिंपी नव्हेत. शंभर माणसे एका ओळीत बसतात. एक कॉलर शिवते, दुसरी ती जोडते, तिसरी काज करते, आणि शर्ट हातोहात पुढे सरकत जातो. ही ओळ कशी लावायची, कुणी किती वेळात काय करायचे, माल कुठे तुंबतो, हे त्या देशात कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून कादेरसाहेबांनी दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ साली १३० माणसे सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी कोरियातल्या पुसान शहरी पाठवली. त्यांत थोड्या स्त्रियाही होत्या.

या १३० जणांचे पुढे काय झाले ते ऐका. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांतले ११५ जण ‘देश’ सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याच्या नव्या कारखान्यात वरच्या जागी गेला. एका दृष्टीने पाहिले तर कादेरसाहेबांचे नुकसान झाले, पण देशाचे? तिकडच्या शिवणउद्योगाचे बी त्या ११५ जणांनी गावोगाव नेले. ‘देश’ने १९८० साली, पहिल्या वर्षी, ४३ हजार शर्ट शिवले होते. आज बांगलादेशच्या एकूण निर्यातीत शंभरातले ऐंशीहून अधिक रुपये तयार कपड्यांचे असतात, आणि सुमारे चाळीस लाख माणसे या धंद्यात आहेत. श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर घातलेल्या मर्यादा, त्यामुळे कोरियासारख्या देशांना नवी जागा शोधावी लागणे, स्वस्त मजुरी, सरकारने दिलेल्या सवलती, ही कारणे आहेतच. परंतु सहा महिन्यांच्या शिकवणीने एवढा उद्योग उभा राहिला, हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. गाठीशी बांधून ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

या कारखान्यांत खेड्यांतून मुली आल्या. घराबाहेर न पडणाऱ्या मुली सकाळी डबा घेऊन रांगेने कामाला निघाल्या, हे तिकडच्या समाजात किती मोठे पाऊल होते याची आपल्याला कल्पना येईल. त्यांनी धाकट्या भावंडांच्या फिया भरल्या, लग्ने लांबणीवर टाकली, बाजारात स्वतःच्या पैशाने बांगड्या घेतल्या. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य बायका. भिंतीला तडे दिसत होते, तरी त्यांना आत पाठवले गेले. ही गोष्ट न उच्चारता पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

आता यंत्रांकडे वळते. सुरुवातीच्या काळात तिथल्या कामगारांत शेकडा ८० बायका, असे सर्वत्र सांगत. हल्लीच्या पाहण्यांत हे प्रमाण शेकडा ६० च्या आसपास, काहींत त्याहूनही खाली आले आहे. बायका गेल्या कुठे? स्वेटर विणण्याचे उदाहरण घ्या. हे काम पूर्वी हाताने ओढायच्या यंत्रावर चाले. आता त्या जागी संगणकावर चालणारी जॅकार्ड यंत्रे आली. नक्षी संगणकात भरायची, यंत्र आपले आपण विणत राहते, आणि एक माणूस अनेक यंत्रांवर नजर ठेवतो. हा एक माणूस बहुधा पुरुष असतो. शिवणयंत्रांचेही तसेच. शिवण संपली की उरलेला दोरा कापायला शेजारी एक हेल्पर मुलगी बसत असे. आता यंत्रच दोरा कापते. ही हेल्परची जागा म्हणजे कारखान्यात शिरण्याची पहिली पायरी. पायरीच काढून घेतली तर खेड्यातून आलेल्या नव्या मुलीने वर चढायचे कुठून? कापड पसरणे, एकावर एक थर लावून कापणे, कागदी नमुने आखणे, या कामांतही संगणक आला, आणि ती खाती तर पहिल्यापासून पुरुषांचीच.

कारण विचारले तर दर वेळी ठराविक उत्तर मिळते. बायकांना यंत्रातले कळत नाही. भगिनींनो, जी बाई दहा वर्षे रोज दहा तास यंत्रापुढे बसली, त्याचा आवाज बदलला की काय बिघडले ते जिला आधी समजते, तिला यंत्रातले कळत नाही! खरी गोष्ट अशी आहे की नवे यंत्र येते तेव्हा ते बसवायला एक तंत्रज्ञ येतो, आणि दोन-चार दिवस तो कुणाला तरी शिकवतो. ते दोन-चार दिवस कुणाला मिळतात? मेकॅनिकला, सुपरवायझरला, त्याच्या मेव्हण्याला. शिकवणी संध्याकाळी कामानंतर असते, आणि त्या वेळी बाईला घरी चूल पेटवायची असते. यंत्र बाईला काढत नाही. त्या संध्याकाळच्या दोन तासांत तिचे नाव कटते.

बाईला बढती दिली तर ओळ चालणार नाही, असेही तिथे म्हणत. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आणि जागतिक बँकेच्या गटातली एक संस्था यांनी मिळून तिथल्या शिवणाऱ्या बायकांना सुपरवायझर होण्याचे शिक्षण देण्याचा एक उपक्रम काढला. अर्थशास्त्रज्ञांनीही अशा बढत्यांची पाहणी केली. त्यांना असे आढळले की पहिले काही महिने बाईच्या हाताखालची ओळ जरा मागे पडे, कारण हाताखालची माणसेच, त्यांत बायकाही आल्या, तिला मानत नसत. काही महिन्यांनी फरक उरला नाही. नव्या सुनेच्या हातच्या आमटीचे आपल्याकडे काय होते ते आठवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मलेशियाचीही एक गोष्ट सांगते, ती थोडक्यात. तिथे पेनांग नावाचे बेट आहे. १९७२ साली तिथे परदेशी कारखान्यांसाठी एक मुक्त क्षेत्र काढले आणि विजेच्या सूक्ष्म वस्तू, संगणकाच्या चकत्या जोडणारे कारखाने आले. खेड्यांतल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून केसाहून बारीक सोन्याची तार जोडत असत. नोकरीच्या दोन-तीन वर्षांत डोळे बिघडत. याच सुमारास त्या देशात एक चमत्कारिक प्रकार होई: कारखान्यात मुलींच्या अंगात येई. १९७८ साली सेलांगोर प्रांतातल्या एका अमेरिकन कारखान्यात सूक्ष्मदर्शकाच्या खात्यात शंभरावर मुलींना एकदम असे झाले; तीन दिवस कारखाना बंद ठेवून मांत्रिकाकडून बोकड कापवावा लागला. त्यावर विद्वानांनी पुस्तके लिहिली आहेत. आपल्याला पुस्तके नकोत. ज्या बाईला तोंडाने ‘नाही’ म्हणता येत नाही तिचे अंग ते म्हणते, हे आपल्याला चाळीतही पाहायला मिळते.

पुढे तार जोडणारी स्वयंचलित यंत्रे आली आणि सूक्ष्मदर्शकापुढच्या मुलींची गरज घटली. पण पेनांगने एक गोष्ट केली. १९८९ साली सरकार आणि कारखानदार यांनी मिळून एक शिक्षणकेंद्र उभारले. जागेची सोय सरकारने पाहिली, यंत्रे आणि शिकवणारे कारखान्यांनी पुरवले. बाजारात एकमेकांचे गळे कापणाऱ्या कंपन्यांची माणसे तिथे एका बाकावर बसून शिकू लागली. कालची जोडणी करणारी कामगार तंत्रज्ञ होऊ शकेल अशी वाट तिथे उघडली. सगळ्यांना ती चढता आली असे मी म्हणणार नाही. ज्यांचे शाळेतले गणित कच्चे होते, त्या मागे राहिल्या, आणि त्यांत बायका पुष्कळ. तरी वाट होती. आपल्या गिरणगावात ती कुणी काढलीच नाही.

आता कुणी विचारील, शिवणकाम उद्या यंत्रेच करणार असतील तर शिवणवर्ग चालवायचा तरी कशाला? ही भीती मोठमोठ्यांनाही पडली होती. २०१६ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या एका अहवालात म्हटले होते की कंबोडियातल्या कपड्यांच्या धंद्यातले शेकडा ८८ आणि व्हिएतनाममधले शेकडा ८६ कामगार यंत्रांमुळे धोक्यात आहेत. त्यानंतर बरीच वर्षे गेली. त्या दोन्ही देशांत लाखो बायका आजही यंत्रापुढे बसून शिवत आहेत. त्याचे कारण साधे आहे आणि ते आपल्यासारख्या शिवणाऱ्या बाईलाच नीट समजेल. पत्रा ताठ असतो, यंत्राला तो धरता येतो. कापड लुळे पडते, सरकते, चुरगळते. जॉर्जेटचा तिरका काठ शिवताना आपण दोन बोटांनी त्याला कसे चुचकारतो, ते लोखंडी हाताला अजून स्वस्तात जमलेले नाही. कधीच जमणार नाही असे कुणी समजू नये. पण भय धरायचे ते उद्याच्या यंत्रमानवाचे नव्हे. आज, शेजारच्या खोलीत, नव्या यंत्राची शिकवणी चालू आहे आणि आपण बाहेर चहा करतो आहोत, याचे धरावे.

तेव्हा आपल्या वर्गाकडे येते. आपला वर्ग पंचवीसहून अधिक वर्षे चालला आहे. परकर, झबली, ब्लाऊज, शेवटी पंजाबी ड्रेस, असा अभ्यासक्रम. मुली नीट शिवतात. पण पायमशीनचा पट्टा तुटला, शटलमध्ये दोरा अडकला, की काय होते? यंत्रावर आवरण घालून ठेवतात आणि दुरुस्तीवाल्याची वाट पाहतात. तो दोन दिवसांनी येतो, पाच मिनिटे पेचकस फिरवतो, पैसे घेऊन जातो. ते पैसे तर जातातच, शिवाय दोन दिवसांचे कामही जाते. आपल्या वर्गातून इतक्या मुली बाहेर पडल्या, त्यांतली एकही दुरुस्तीवाली झाली नाही. आय.टी.आय.मध्ये मुलींना प्रवेश आहे, तरी आपल्याकडच्या मुली फिटर-इलेक्ट्रिशियनचे अर्ज भरत नाहीत. कारण घरी विचारतात, पाना घेऊन फिरणाऱ्या मुलीला स्थळ कोण आणणार? स्थळाचे मी पाहते. आधी अर्ज तर भरा!

संगणकवर्ग काढू नका असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण टायपिंगपुरता संगणक शिकवून मुली बाहेर पडल्या तर तीही दोरा कापणारी हेल्परच. उद्या ते कामही यंत्र करील, काही ठिकाणी करूही लागले आहे. शिवण येणाऱ्या मुलीला संगणकावर नमुने आखायला शिकवा. अंगाच्या मापातून कागदावर नमुना उतरवणे तिला येतेच; पडद्यावर तोच नमुना कमी-जास्त करून सहा मापांत बसवणे ही त्यापुढची पायरी. ज्या मुलीला दोन्ही येते, तिला काढून टाकताना मालक दोनदा विचार करील.

आणि ती चार विजेची यंत्रे घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे, एका अटीवर. देणाऱ्या गृहस्थांना सांगावे की यंत्रांबरोबर तुमचा मेकॅनिक आठवड्यातून एक दिवस, असे तीन महिने द्या. यंत्रे नुसती घेतली तर वर्षभरात ती कोपऱ्यात जातील आणि त्यांच्यावर गणपतीचे मखर ठेवले जाईल. आपल्या मंडळाचा हा इतिहास माझ्याहून आपल्याला अधिक ठाऊक आहे. मेकॅनिकने प्रत्येक मुलीकडून यंत्र उघडवून घ्यावे. तेल कुठे घालायचे, सुई आणि शटल यांची वेळ कशी जुळवायची, टाक्याचा ताण कुठून बिघडतो, मोटार गरम का होते, हे तिने स्वतःच्या हाताने करावे. हात काळे होतील. होऊ द्यावेत.

वेळेचे मात्र आधी ठरवा. संध्याकाळी सहाचा वर्ग ठेवाल तर त्या वर्गात फक्त बिनलग्नाच्या मुली येतील, आणि त्यांतल्याही निम्म्यांना घरून बोलावणे येईल. दुपारी दोन ते चार ही वेळ मी सुचवते. त्या वेळी मुले शाळेत असतात, सासूबाई आडव्या झालेल्या असतात. ज्यांची मुले लहान आहेत त्यांच्यासाठी बालवाडीची खोली दुपारी रिकामीच असते. तिथे दोघीजणी आळीपाळीने बसल्या तर भागेल. पहिल्या तुकडीसाठी बारा नावे पुरेत. यादी आज चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे, आणि मी येताना पाहिले तेव्हा तीवर तीन नावे पडली होती. त्यांतल्या एक साठीच्या पुढच्या आहेत. त्यांचे नाव कुणी खोडू नये.